अर्धी सुरई

धुपीच्या झाडाचं ओलं लाकूड जाळलं तर वास लपत नाही. गोंपात, म्हणजे गावच्या बौद्ध मठात, रोज सकाळी धुपीचीच पानं निखाऱ्यावर टाकतात, त्यामुळे आमच्या खोर्चे गावातलं शेंबडं पोरसुद्धा तो वास ओळखतं. वैशाखातल्या एका दुपारी ग्याल्जेनच्या लॉजच्या धुराड्यातून गोंपाचा वास यायला लागला, तेव्हा बटाट्याच्या शेतात वाकलेली माणसं सरळ झाली आणि शाळेमागच्या उताराकडे बघू लागली.

उतारावर धुकं होतं. काही दिसलं नाही. पण राखणदार छोंगबा काठी घेऊन तसाच वर चढला.

आमच्याकडे रानाचा राखणदार दरवर्षी बदलतो. घराघरांत पाळी असते आणि जेठातल्या दुमजीच्या सणाला काठी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. वाळलेली फांदी कोणीही उचलावी. ओल्या झाडाला हात लावायचा तर राखणदाराला विचारून, घराच्या तुळईसाठी किंवा मढ्यासाठी. न विचारता कोणी झाड तोडलं, तर त्याने स्वतःच्या घरात छांग, म्हणजे भाताची दारू, लावायची, सुरई भरून दुमजीच्या दिवशी गोंपाच्या अंगणात आणायची, राखणदारापुढे ठेवायची आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, कुठलं झाड, कशासाठी. मग सगळं गाव ती छांग पितं. दंड तेवढाच. पण छांग आंबायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस घरातून वास येत राहतो. येणारा-जाणारा नाक वर करून जातो. दंड खरा तो आहे.

आणि दंड आलाच नाही तर राखणदाराने काठी खाली ठेवायची. काठी खाली आली की त्या वर्षापुरतं रान सगळ्यांना मोकळं. माझ्या आयुष्यात तसं झालं नव्हतं.

ते रान कशाला हवं, हे मी शाळेत मुलांना एका फळीवर दाखवतो. फळी तिरकी धरायची, खाली एक काड्यापेटी ठेवायची, ती आपली शाळा. वरून सातूचं पीठ सोडायचं. पीठ सरकतं आणि काड्यापेटी गडप होते. मग फळीच्या भोकांत काड्या खोचायच्या आणि पुन्हा पीठ सोडायचं. पीठ काड्यांत अडतं. दरवर्षी एखादं हुशार पोर म्हणतं, "सर, मग शाळाच हलवू या ना." मी म्हणतो, हलव, जागा दाखव. ते खिडकीतून बाहेर बघतं. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला बटाटे. मग ते काड्या आणखी घट्ट खोचतं. ग्याल्जेन आणि छोंगबा, दोघांनीही लहानपणी त्याच फळीवर काड्या खोचल्या आहेत.

ग्याल्जेन हा छोंगबाचा भेना, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण फुटी. लग्नापासून या दोघांचं पटलं नाही. ग्याल्जेनने लॉज बांधलं तेव्हा छोंगबाच्या शेताची वाट अडली. छोंगबाने कुंपण घातलं तेव्हा ग्याल्जेनच्या जनावरांचं पाणी अडलं. फुटी दोघांच्या मधे उभी राहून भांडी घासत आली.

ग्याल्जेन त्या दिवशी नामचेच्या बाजारात होता. दुसऱ्या दिवशी परतला, तर लॉजच्या पायरीवर छोंगबा बसलेला. आसपासच्या भिंतींवर जागा मिळेल तिथे माणसं बसली होती. मीही होतो.

"भेना, काल घरात कसली पूजा होती?" छोंगबाने विचारलं.

"असते पूजा. घर आहे, देव आहेत."

"मोठी झाली म्हणे. अख्ख्या गावाला धूप मिळाला. देव आंघोळीला बसले होते की काय?"

भिंतीवरची माणसं हसली. ग्याल्जेनच्या लॉजवर आदल्या दिवशी परदेशी पाहुण्यांचा मोठा घोळका उतरला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. उन्हाचं तोंड न दिसल्याने छतावरचा पाणी तापवायचा सौरबंब थंड पडला होता. खालची वाट दरडीने खचली होती, म्हणून गॅसचे सिलिंडर घेऊन येणारी खेचरं अडकली होती. आणि लॉजच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की इथे चोवीस तास गरम पाणी मिळतं.

"साल्या," ग्याल्जेन म्हणाला, "तुझी काठी वर्षाची. माझं लॉज जन्माचं. ऊठ पायरीवरून."

"मला साला म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पायरी तुमची आहे. रान तुमचं नाही. मी वर बुंधे बघून आलोय, चीक अजून बोटाला लागतो. दुमजीला सुरई घेऊन या."

"मी काल गावातच नव्हतो. अख्ख्या नामचेला विचार."

"मग तुमच्या पाहुण्यांनी तोडली? हॉटेलातले काटे-चमचे घेऊन वर गेले?"

"मला काय माहीत?"

छोंगबा उठला. त्याने काठी जमिनीवर आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्या हाताने त्या धुपीवर कुऱ्हाड चालवली, तो हात सडो. त्या हाताने भरवलेला घास अंगी लागू नये."

शाप म्हणजे शाप. भिंतीवरचं हसू बंद झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीत फुटी ताटल्या धूत होती. ती धूतच राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. छोंगबा रोज सकाळी लॉजवरून जाताना थांबून मोठ्याने श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून छांगेचा वास नाही." ग्याल्जेन आतून म्हणायचा, "नाक कापून दे, लॉजवर लटकवतो." छोंगबाच्या बायकोने लॉजला बटाटे द्यायचं बंद केलं. ग्याल्जेनने छोंगबाच्या भाच्यांना, म्हणजे स्वतःच्याच मुलांना, मामाच्या दारात जायला मनाई केली.

एवढ्यात खालून निरोप आला. पाहुण्यांचे घोळके पाठवणाऱ्या काठमांडूच्या मंडळींनी ठरवलं होतं की जी गावं आपलं रान राखतात, तिथेच यापुढे माणसं पाठवायची. अशा गावात पाटी लावायची. आमचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांचा माणूस दुमजीच्या दिवशीच पाटी घेऊन येणार होता.

मुखिया गेलूकाकांनी दोघांना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण दोघांना एकाच बाकावर बसवायची सवय मला होती. ते वेगवेगळ्या भिंतींना टेकून उभे राहिले.

"छोंगबा," गेलूकाका म्हणाले, "सण होऊ दे. पाहुणा पाटी लावू दे. तो खाली उतरला की सुरईचं बघू."

"काका, दुमजी संपली की सुरई संपली. नंतर आणली तर ती नुसती छांग."

"अरे, त्या माणसासमोर आपली लक्तरं कशाला धुवायची? पाटी गेली तर सगळ्यांची लॉजं ओस पडतील. तुझ्या बायकोचं चहाचं दुकानही त्याच वाटेवर आहे."

"आहे ना. म्हणून तर म्हणतो. रान राखतो म्हणून पाटी लागणार आणि पाटीसाठी रान तोडलेलं लपवायचं?"

ग्याल्जेन म्हणाला, "दंडच हवाय ना? नामचेहून बियरच्या डब्यांनी खेचरं भरून आणतो. गावाला आंघोळ घालतो बियरने."

"तुम्हाला आंघोळीशिवाय काही सुचत नाही का, भेना?"

गेलूकाकांनी कपाळाला हात लावला. मी दोघांना विचारलं, "फळी आठवते का रे?" ग्याल्जेन म्हणाला, "मास्तर, मी आता पोर नाही." आणि निघून गेला. बैठक तिथेच मोडली.

त्यानंतर गावात एक नवा आवाज सुरू झाला. दगडावर लोखंड घासल्याचा. आधी वरच्या आळीत, मग खालच्या. कुऱ्हाडींना धार लावत होते सगळे. मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "सुरई नाही आली तर छोंगबा काठी ठेवणार. ग्याल्जेनने तोडायची आणि आम्ही शेणी जाळत बसायचं? माझ्या लॉजवरचे पाहुणे काय थंड पाण्याचे आहेत?" दुसरा म्हणाला, "मी नाही गेलो तर शेजारी जाईल." तो शेजारीही धार लावत होता आणि त्याचंही उत्तर तेच होतं. कोणालाही रान तोडायचं नव्हतं, पण मागे राहायचंही नव्हतं. वर्गात मुलं पाढे म्हणत होती आणि खिडकीतून तो खर्र खर्र आवाज येत होता.

मग एक दिवस लॉजमधून वास आला. छांग आंबत होती.

फुटीने भात शिजवून, खमिराची वडी चुरून, मडकं चुलीमागे ठेवलं होतं. छोंगबा भिंतीपाशी थांबला, त्याने श्वास घेतला, आणि पहिल्यांदाच काही न बोलता पुढे गेला. पण ग्याल्जेनलाही नाक होतं. त्याने मडकं उचललं आणि गोठ्यातल्या डोणीत उपडं केलं. त्याच्या झोप्क्योने, ओझी वाहणाऱ्या याकच्या संकरातल्या बैलाने, ते सगळं चाटूनपुसून खाल्लं, दावं तोडलं, आणि झिंगत जाऊन नेमका छोंगबाच्या बटाट्यांत लोळला. छोंगबाने तो बांधून ठेवला.

"माझं जनावर सोड," ग्याल्जेन कुंपणाबाहेरून म्हणाला.

"शुद्धीवर आलं की सोडतो. तुमच्या घरातला तेवढा एकच जीव दंड भरायला आला, त्याचा पाहुणचार नको करायला?"

फुटीने दुसऱ्यांदा भात शिजवला. पाहुण्यांचा मोसम संपला होता, खोल्या रिकाम्या होत्या. तिने मडकं लॉजमधल्या सगळ्यात महागड्या खोलीत, पाहुण्यांच्या जाड रजयांत गुंडाळून ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. ग्याल्जेनने दार ठोठावलं तेव्हा ती म्हणाली, "फोडा दार. तुम्हीच बसवलंय, तुम्हीच फोडा." साल लाकडाचं महागडं दार होतं. त्याने फोडलं नाही.

गाव म्हणालं, बिचारी नवऱ्याचा दंड स्वतः भरतेय. छोंगबा म्हणाला, "भेनाने आणली तरच घेईन. बहिणीच्या पदराआड लपलेला दंड मला नको."

दुमजीच्या दिवशी काठमांडूचा माणूस आला. सुबिन तुलाधर त्याचं नाव, दमलेला, नाक उन्हाने सोललेलं, काखेत पाटी. गेलूकाकांनी त्याच्या गळ्यात मानाचा रेशमी शेला, काता, घातला आणि त्याला पुढे बसवलं. गोंपाच्या अंगणात सगळं गाव होतं. मुखवट्यांचा नाच झाला. पण मुलांखेरीज कोणाचं लक्ष नाचात नव्हतं. पुरुषमंडळी भिंतीला टेकून बसली होती आणि प्रत्येकाच्या मागे, सणाच्या कपड्यांत न शोभणारी, कुऱ्हाड होती.

नाच संपला. छोंगबा काठी घेऊन मधोमध बसला. ग्याल्जेन खांबाला टेकून आकाशाकडे बघत होता.

फुटी उठली. तिच्या हातात तांब्याची सुरई होती, काठावर रीतीप्रमाणे लोण्याची बोटं लावलेली. तिने ती भावासमोर ठेवली. छोंगबाने आत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

सुरई अर्धीच होती.

आमच्याकडे अर्ध्या पेल्याने पाहुण्याला पाठवत नाहीत. एक घोट घेतला की पेला पुन्हा भरायचा, नको म्हटलं तरी भरायचा. अर्धं भांडं पुढे करणं म्हणजे शिवी. बायकांत कुजबुज झाली.

"दिदी, हे काय?" छोंगबा म्हणाला.

"माझा दंड."

"तुझा कसला? भेनाने—"

"भेना नामचेत होते. ते खोटं बोलले नाहीत. पाहुण्यांच्या गाईडने त्यांना फोन केला, गरम पाणी नाही तर आम्ही पुढच्या गावी जातो म्हणून. यांनी मला फोन केला. म्हणाले, काहीही कर, पाणी तापलं पाहिजे. कुऱ्हाड घेऊन मी वर गेले." तिने उजवा हात पुढे केला. "तू शाप दिलास तो हात हा. बघून घे, अजून धड आहे. लहानपणी तुला भरवलंय त्याने, तो घास तरी अंगी लागला का, तुझं तू बघ."

छोंगबा त्या हाताकडे बघत राहिला.

"झाडं शाळेच्या मागची, वरच्या खडकाजवळची. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी तोडली," फुटी नेमाने, पाठ म्हटल्यासारखं बोलली. "तोडलं मी, म्हणून अर्धी सुरई माझी. हुकूम ज्यांचा, उरलेली अर्धी त्यांची."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं.

"बायकोने नवऱ्याला चव्हाट्यावर आणायचं," ग्याल्जेन म्हणाला. "छान. दोघं बहीणभाऊ मिळून आणा."

"मी कोणाला आणलेलं नाही. मी माझ्या पायांनी आलेय. तुम्ही तुमच्या या."

सुबिन मुखियाकडे वाकून म्हणाला, "काय चाललंय, काका?"

"पूजा आहे," गेलूकाका म्हणाले.

"पूजा नाही," छोंगबा न वळता म्हणाला. "झाडं चोरली, त्याचा निवाडा आहे. बसून बघा." मग तो बहिणीला म्हणाला, आणि त्याचा आवाज नरम झाला नव्हता, "अर्धी सुरई मी घेऊ शकत नाही, दिदी. तुझी असली तरी."

"मग काठी ठेव खाली," भिंतीकडून कोणीतरी म्हणालं.

"ठेव, ठेव. आमची वाट कशाला अडवतोस?"

माणसं उठायला लागली. कुऱ्हाडीचे दांडे फरशीवर खटखटले. छोंगबाने काठी दोन्ही हातांत घेतली. त्याला ती ठेवावी लागणार होती, रीतच तशी होती, आणि ती राखण्यावरच तर तो आजवर हटून बसला होता. मी शाळेच्या छपराकडे पाहिलं. मुलं नाचणाऱ्यांचे मुखवटे घालून अंगणात पळत होती.

ग्याल्जेनने उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहिलं. वरच्या उताराकडे पाहिलं. मग अंगणाबाहेर गेला.

"पळाला," कोणीतरी म्हणालं.

पण लॉजचं स्वयंपाकघर अंगणासमोरच आहे. खिडकीत तो दिसला. त्याने बाह्या वर सारल्या, मडक्यात उरलेला आंबलेला भात परातीत काढला आणि खिडकीतूनच ओरडला, "पाणी गरम घालतात की गार?"

"तुम्हाला गरम पाण्याचंच वेड," फुटी जागेवरून म्हणाली. "गरमच घाला."

अंगणात हशा पिकला, पण तो प्रेमाचा नव्हता. गावातल्या सगळ्यात मोठ्या लॉजचा मालक कोपरापर्यंत हात बुडवून भात पिळतोय, हे बघायला उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. कुऱ्हाडी मांडीवर आल्या. एक म्हातारी म्हणाली, "अरे, कपडे नाही पिळत आहेस. हळू." दुसरी म्हणाली, "पिळू दे, त्याला सवय आहे. पाहुण्यांना पिळतोच ना." ग्याल्जेनने खिडकी आपटून बंद केली. फुटी म्हणाली, "उघडी ठेवा." खिडकी उघडली.

तो आला तेव्हा त्याच्या दाढीलाही भात लागला होता. त्याने सुरईत छांग ओतली. काठापर्यंत आली. वर पातळ, पांढुरकी, खाली फुटीची दाट.

"हुकूम मी दिला," तो सुरईकडे बघत म्हणाला. "फोनवर. पाहुणे पुढच्या गावी गेले असते म्हणून."

"मोठ्याने," छोंगबा म्हणाला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

ग्याल्जेनच्या मानेची शीर फुगली. पण तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने.

छोंगबाने पहिला घोट घेतला आणि जिभेवर घोळवला. "पाणी आहे," तो म्हणाला.

"चांगली तुझ्या बहिणीने आधीच काढून घेतली होती."

"मोजून काढली असणार. तुमच्या घरात राहून शिकली." त्याने पेला पुढे सरकवला. सुरई गावभर फिरली. सुबिनलाही पेला मिळाला, त्याने घोट घेतला आणि त्याचा पेला लगेच पुन्हा भरला गेला.

"मग," सुबिनने विचारलं, "मी पाटी लावायची की नाही? वर लिहिलंय, रान राखणारं गाव."

गेलूकाकांनी डोळे मिटून घेतले.

"चोरी झाली ती तुम्ही पाहिली," छोंगबा म्हणाला. "दंडही पाहिला. दुसऱ्या गावात तुम्हाला चोरी दाखवणार नाहीत. तुमचं तुम्ही ठरवा."

सुबिनने पेला खाली ठेवला. मग त्याने हातोडी मागितली. हातोडी कोणाकडे नव्हती. एकाने मुकाट्याने कुऱ्हाड पुढे केली, आणि तिच्या बोथट बाजूने पाटी गोंपाच्या वाटेवरच्या खांबाला ठोकली गेली.

काठी द्यायची वेळ आली. पुढची पाळी कोणाची, हे गेलूकाकांनी सांगायची गरज नव्हती. वरच्या आळीतलं शेवटचं घर छोंगबाचं. त्याला लागून लॉज.

छोंगबाने काठी ग्याल्जेनसमोर धरली. सोडली मात्र नाही. दोघांचे हात काठीवर.

"साल्या, पहिलं तुझंच धुराडं हुंगणार," ग्याल्जेन म्हणाला.

"हुंगा. आणि मी मागून तुमचं."

"माझं जनावर आज सोड."

"बटाट्यांचं काय?"

"बटाटे गेले खड्ड्यात."

"खड्ड्यातूनच काढतात, भेना." आणि छोंगबाने काठी सोडली.

पाटी लागली त्या वर्षी पाहुणे वाढले. त्यांच्या हातात एक रंगीत कागद असतो. त्यावर लिहिलंय की या गावातली माणसं रानावर आईसारखी माया करतात. मी तो वाचला आणि घडी करून ठेवला. आता ग्याल्जेन रोज सकाळी राखणदाराची काठी घेऊन लॉजच्या पायरीवर उभा राहतो. पाहुणे त्याचा फोटो काढतात, तो हसतो. फोटो झाला की कुंपणापाशी जातो, मान उंच करतो आणि मेव्हण्याच्या धुराड्याचा वास घेतो. पलीकडे, चहाच्या दुकानाच्या दारात छोंगबा उभाच असतो.

"शेणीच आहेत, भेना," तो म्हणतो. "पोटभर घ्या."